समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत काय घडते?

मानसोपचार म्हटले की रुग्णालयात भरती, विजेचे झटके आणि झोपेच्या गोळ्या एवढेच चित्र आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात समुपदेशनासाठी येणाऱ्यांपैकी बहुतेकांना दाखल व्हावे लागत नाही. ठरल्या वेळी जायचे, बोलायचे आणि घरी परतायचे, इतके त्याचे साधे स्वरूप असते. तरीही पहिल्या भेटीनंतर पुन्हा न फिरकणारे पुष्कळ. त्याचे कारण अनेकदा उपचारात नसते, अपेक्षेत असते.

डॉक्टरकडे गेले की दहा मिनिटांत औषधाची चिठ्ठी हाती पडते, याची आपल्याला सवय झाली आहे. समुपदेशकाकडे उलटे घडते. पहिल्या भेटीत बहुतांशी तोच प्रश्न विचारतो. त्रास कधीपासून आहे, झोप कशी लागते, घरात कोण कोण आहेत, पूर्वी कुटुंबात कोणाला असा आजार होता का, व्यसन आहे का, कोणती औषधे चालू आहेत? जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, असेही थेट विचारले जाते. त्याने दचकू नये. हा नेहमीच्या तपासणीचाच भाग असतो आणि विचारल्यामुळे तसे विचार बळावत नाहीत. थायरॉईडचा बिघाड किंवा रक्तक्षय यांमुळेही उदासी व थकवा येतो, म्हणून काहींना रक्ततपासणी सुचवली जाते. एवढ्यात पाऊण तास सरतो आणि 'नुसते ऐकून घेतले, सांगितले काहीच नाही' अशी तक्रार घेऊन माणूस घरी येतो. वस्तुतः हे ऐकून घेणे हीच उपचाराची पहिली पायरी होय.

जायचे कोणाकडे, हाही प्रश्न असतो. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधे तेच लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र अल्पशा प्रशिक्षणावरही लावलेली आढळते. तेव्हा शिक्षण व अनुभव विचारण्यात संकोच नको. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहेत. तेथे खर्च कमी, पण गर्दीमुळे वेळही कमी मिळतो.

ओळखीचे कोणी पाहील या धास्तीने नांदेडचा माणूस हैदराबाद गाठतो आणि लातूरचा सोलापूर. एखाद्या भेटीपुरते हे ठीक, परंतु दर आठवड्याचा प्रवास कितीजणांना झेपणार? उपचार तुटतो तो येथेच. वास्तविक मनाच्या जखमेची भाषा या भागाला अपरिचित नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्यांच्या मनावर काय परिणाम झाले, याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली करवून घेतला होता.

आज या खुर्चीवर बसणाऱ्यांत 'नीट'च्या शिकवण्यांसाठी खोली करून राहणारी मुलेही असतात. 'लातूर पॅटर्न'ने अनेक घरांत डॉक्टर घडविले, हे खरेच. पण मागे पडणाऱ्याला ती अपेक्षा जड जाते. अशा मुलासोबत वडील येतात आणि प्रश्न मुलाला विचारला तरी उत्तर वडीलच देतात. मग समुपदेशक त्यांना थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती करतो. पालकांनी हा अपमान समजू नये. मुलाला एकट्याने बोलू दिल्याशिवाय खरे दुखणे कळत नाही. आवश्यक तेवढे पालकांना सांगितले जातेच.

गोपनीयतेला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा आधार आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. काही अपवाद आहेत. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर माहिती उघड करता येते. अल्पवयीनावरील लैंगिक अत्याचाराची खबर देणे तर 'पॉक्सो' कायद्याने बंधनकारकच आहे.

पुढच्या भेटींत कोणत्या अडचणीवर आधी काम करायचे हे दोघांनी मिळून ठरवायचे असते. विचारांची नोंदवही, झोपेची ठरावीक वेळ असा गृहपाठही मिळतो. एखाद्या भेटीनंतर मन अधिकच जड होते. तेही स्वाभाविक आहे. नैराश्यावरील औषध दिले गेल्यास गुण दिसायला काही आठवडे लागतात, ते आपल्या मनाने बंद करू नये. तीन-चार भेटींनंतरही मोकळेपणा वाटत नसेल, तर तसे स्पष्ट सांगून समुपदेशक बदलावा. त्यात कोणाचा अवमान नाही.

भेटीची वेळ मिळेपर्यंत कोणाशी तरी बोलावेसे वाटल्यास 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास मराठीतही उपलब्ध असते. जीव देण्याचे विचार तीव्र असतील, तर मात्र वेळ घेण्याची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा आणि सोबत कोणीतरी असावे.