एका माणसाचा डान्स बँड

तुमच्या घरात तारपा आहे. नाही नाही, शोधायला उठू नका. पडद्यावर बघा, कुशन कव्हरवर बघा, कॉफी मगावर किंवा ऑफिसच्या लॉबीतल्या त्या महागड्या फ्रेममध्ये बघा. वारली चित्रात काडीसारख्या माणसांची एक लांबलचक साखळी गोल गोल वळत जाते आणि मधोमध एक जण वाकून भलंमोठं भोंग्यासारखं काहीतरी फुंकत असतो. ते वाद्य म्हणजे तारपा आणि तो वाजवणारा तारपकरी. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, वारली चित्रं कुर्त्यांवर आणि मोबाइल कव्हरवर पोचली, आणि हा मधला माणूस आपल्यासाठी एक डिझाइन होऊन बसला.

गंमत अशी, की हा माणूस एक अख्खा बँड आहे. नुसता बँड नव्हे, डान्स बँड! त्याच्याकडे ना ड्रमर, ना गिटारिस्ट, ना साउंडवाला. रात्रभर शंभर पाय नाचवायचे, तेही एकट्याच्या फुफ्फुसांच्या जोरावर.

हा बँड लाइव्ह ऐकायचा तर जव्हार-मोखाड्याकडे जायला हवं. मुंबईपासून साधारण दीडशे किलोमीटर, सह्याद्रीच्या कुशीतले पालघर जिल्ह्यातले हे दोन तालुके. (2014 पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते, त्यामुळे अनेकांच्या तोंडी अजून ठाणंच असतं.) आपल्याला जव्हार माहीत असतं ते मुकणे राजांचा जयविलास पॅलेस, दाभोसा धबधबा आणि पावसाळी ड्राइव्हसाठी. पेपर वाचणाऱ्यांना ते आणखी एका कारणाने आठवतं. 1992 मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि जव्हार-मोखाडा म्हणजे कुपोषण हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं. हिल स्टेशन आणि कुपोषण, बस्स, एवढीच आपली ओळख. नाचाचं कुणी बोलतच नाही.

भोपळा, बांबू आणि ताडाचं पान

तारपा दुकानात मिळत नाही. तो वाजवणारा किंवा त्याच्या ओळखीतला कुणी जाणकार स्वतःच बनवतो. वाळवून आतून कोरलेला दुधी भोपळा हा त्याचा हवेचा डबा. भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या बसवायच्या. नळ्यांना बोटांसाठी भोकं, आणि भोपळ्याच्या आत लपलेल्या टोकाला पातळ कंप पावणारी जीभ. खाली ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला मोठा कर्णा. जिथे जिथे हवा निसटेल तिथे मेण. एवढंच. गारुड्याची पुंगी याच तत्त्वावर चालते, आणि लांबून बघितलं तर स्कॉटिश किंवा आयरिश बॅगपाइपसुद्धा. फरक असा, की बॅगपाइपवाला पिशवीत हवा साठवून ठेवतो. तारपकऱ्याकडे पिशवी नाही, त्याचे गाल आहेत! गालात हवा धरून ती बाहेर सोडत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यायचा. सूर एक क्षणही तुटता कामा नये. जिममध्ये ट्रेडमिलवर दहा मिनिटांत धापा टाकणाऱ्यांनी हे घरी एखादी स्ट्रॉ आणि पाण्याचा ग्लास घेऊन करून बघावं. बुडबुडे थांबले की तुमचा बँड फ्लॉप.

आणि हे रात्रभर.

नाच सुरू होतो तेव्हा तारपकरी मध्ये. बाया आणि पुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती साखळी धरतात. साखळीच्या टोकाला असलेल्याच्या हातात घुंगूरकाठी. ती जमिनीवर आपटली की ठेका मिळतो आणि पाय बदलायचा इशाराही. तारप्यावर वाजणाऱ्या चालीला ‘चाळा’ म्हणतात. जुना चाळा, नवा चाळा, देवाचा चाळा, टाळ्यांचा चाळा... प्रत्येकाची पावलं वेगळी. तारपकरी बोटं हलवून चाळा बदलतो, तशी अख्खी साखळी बदलते. तो वळला की तीही वळते. नाचणाऱ्यांनी तारप्याकडे पाठ करायची नाही, असा संकेत आहे. म्हणूनच त्या चित्रातली साखळी स्प्रिंगसारखी आत आत वळलेली दिसते. चित्रकाराला ती सुंदर वाटली म्हणून नव्हे, नाच खरंच तसा असतो.

आता कुणी म्हणेल, यात बँड कुठे आला? आला की. डान्स बँडचं काम काय? नाचणाऱ्यांकडे बघून वाजवणं. फ्लोअर थकलाय, जरा स्लो करू. तरुण पोरं पेटलीयत, चला, वाढवू. तारपकरी नेमकं हेच करतो. तो नाचाच्या आतच उभा असतो, त्यामुळे त्याला बघायला लांब मानही वळवावी लागत नाही.

तिकडे आयर्लंडमध्ये

इथे जरा लांबचा फेरफटका मारू या, कारण नाचासाठी वाजवणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे एका देशाने आधीच बघून ठेवलंय. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून पुढची वीसेक वर्षं आयर्लंड ‘शोबँड’वर नाचत होता. त्याआधीची ऑर्केस्ट्रा मंडळी सूट घालून, खुर्चीत बसून, समोरचे कागद बघत वाजवायची. स्ट्रबेनच्या क्लिपर कार्लटन बँडने खुर्च्या हटवल्या, उभं राहून, हलत-डुलत, नकला करत वाजवायला सुरुवात केली. पब्लिक वेडं झालं. मग वॉटरफर्डचा रॉयल शोबँड आला. 1962 साली लिव्हरपूलमध्ये त्यांच्या आधी स्टेज तापवायला जी चार पोरं उभी होती, त्यांचं नाव बीटल्स! बॉलरूम चालवणाऱ्यांनी पैसा केला तो वेगळाच. असाच बॉलरूमचा धंदा केलेले अल्बर्ट रेनल्ड्स 1992 मध्ये थेट आयर्लंडचे पंतप्रधान झाले.

त्या बँडवाल्यांनाही सीझन होता, बरं का. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, म्हणजे लेंटमध्ये, नाच बंद. मग हे बँड लंडन, न्यूयॉर्क गाठायचे आणि तिथे पोटासाठी गेलेल्या आयरिश कामगारांना नाचवायचे. नाच बंद पडला की बँडच आपल्या माणसांच्या मागे मागे परदेशी जायचा.

मग 70 चं दशक आलं. 31 जुलै 1975 च्या रात्री मायामी शोबँडची गाडी एका बनावट तपासणी नाक्यावर अडवली गेली आणि बँडमधले तिघे मारले गेले. सीमेपलीकडे वाजवायला जायची भीती बसली. पण शोबँड मुख्यतः संपले ते फार साध्या हिशेबाने. बॉलरूममध्ये दारू मिळत नसे, हॉटेलांच्या बारमध्ये मिळू लागली. आणि सात-आठ जणांना मानधन देण्यापेक्षा रेकॉर्ड लावणारा एक डिस्कोवाला कितीतरी स्वस्त पडत होता.

ओळखीचं वाटतंय ना?

आता पिकअपमधून येतो

जव्हार-मोखाड्यातही बँड बदलला. आधी बेंजो पार्टी आली, मग कॅसिओ, मग पिकअपवर लादलेल्या स्पीकरच्या भिंती आणि जनरेटर. लग्न असो, हळद असो, सुपारी डीजेला जाते. यूट्यूबवर ‘तारपा’ टाइप करून बघा, रिमिक्सची रांग लागेल. कधी खरा तारपा रेकॉर्ड करून, कधी कीबोर्डवर तसा आवाज काढून, खाली दणदणीत बीट टाकलेला. नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या वरातीत आपण डीजे लावायचा आणि मोखाड्याच्या पोराने मात्र ‘संस्कृती जपायची’, हा कुठला न्याय? त्यालाही तोच आवाज छातीत धडधडायला हवा असतो. शिवाय काही रिमिक्स खरंच सॉलिड आहेत.

पण एक गोष्ट रिमिक्सला जमत नाही. लूप नाचणाऱ्याकडे बघत नाही. साखळीत एक म्हातारी दमलीय, दोन नवखी पोरं पाय चुकवतायत, हे त्याला कळत नाही. तो चार मिनिटांनी संपतो आणि पुढचा सुरू होतो.

दुसरीकडे तारपा स्टेजवर चढला. 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत तो असतो, सरकारी महोत्सवांत असतो, रिसॉर्टच्या कॅम्पफायरला असतो. आपली तारप्याशी भेट होते ती बहुतेक इथेच, बार्बेक्यू आणि सेल्फीच्या मधल्या वेळात. यात पैसे मिळतात, मान मिळतो, चांगलंच आहे. पण स्टेजला पुढची बाजू असते, गोलाला नसते. प्रेक्षकांना चेहरे दिसायला हवेत, म्हणून साखळी उलगडून सरळ रेषेत येते, आणि मग तारप्याकडे पाठ होणारच. दहा मिनिटांच्या स्लॉटमध्ये चाळे तरी किती बदलणार? आयर्लंडचे बँड नाचासाठी वाजवता वाजवता ‘शो’ करायला लागले, तरी समोरचा फ्लोअर नाचतच होता. इथे शो राहतोय आणि फ्लोअर रिकामा होतोय. मला विचाराल तर खरा धोका डीजेपेक्षा हाच आहे.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव आता बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. पिढ्यान् पिढ्या तारपा वाजवणाऱ्या घरातले. वाजवतातही, बनवतातही. 2022 सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला आणि 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. इतकी वर्षं वाजवल्यावर देशाला ऐकू गेलं, याचा आनंद मानायचा की हिशेब मागायचा, ते तुम्ही ठरवा. आणखी एक आहे. शोबँड संपले तरी त्यांची गाणी रेकॉर्डवर उरली, शिवाय बरीचशी गाणी मुळात दुसऱ्यांच्या हिट लिस्टमधलीच होती. तारपकऱ्याचे चाळे मात्र त्याच्या बोटांत असतात. कुठला भोपळा घ्यायचा, जीभ किती पातळ तासायची, मेण कुठे लावायचं, हे सगळंही त्याच बोटांत. रेकॉर्डिंगमध्ये सूर उतरतो, तासलेली जीभ उतरत नाही. ते शिकायला शेजारी बसावं लागतं, वर्षानुवर्षं.

आणि शेजारी बसणारा पोरगा गावात असतो कधी? तारप्याचा खरा सीझन भात तयार व्हायला लागल्यापासून दिवाळीपर्यंतचा. नवं धान्य येतं, कणसरी म्हणजे धान्यदेवीची आठवण होते, तारप्याची पूजा होते, मग नाच. इथली शेती पावसाची, एका पिकाची. दिवाळी उरकली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि आपल्याच शहरांतल्या बांधकामांवर निघतात, ती पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. लेंटमध्ये आयरिश बँड आपल्या कामगारांच्या मागे लंडनला जायचा. वीटभट्टीवर तारपा बोलवायला कोण बसलंय?

त्यामुळे जायचं असेल तर डिसेंबरच्या लाँग वीकएण्डची वाट बघू नका. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे विहीगाव-खोडाळ्याच्या घाटाने मोखाडा आणि जव्हार. नाशिककर त्र्यंबकवरून येतात. दसऱ्याच्या आसपास जव्हारला मुक्काम करा, ओळखीतून गावात विचारा, रात्री कुठे तारपा आहे का. असेल तर मोबाइल खिशात ठेवा. साखळीत शिरायला कुणी अडवत नाही, फक्त कमरेला हात घट्ट धरायचा आणि पाठ फिरवायची नाही. दिवाळीनंतर गेलात तर घाटात समोरून भरलेले ट्रक येतील. वर पत्रे, भांडी, कोंबड्या आणि माणसं.