बांध मोजायला आकाशातले उपग्रह

खान्देशातल्या यावलच्या शिवारात मोजणी निघाली की आजूबाजूच्या गटांचे शेतकरीही बांधावर येऊन उभे राहतात. आजोबांना विचारा, त्यांच्या वेळी भूकरमापक लोखंडी साखळी घेऊन यायचे. ती ३३ फूट लांब असायची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे बरोबर एक गुंठा, १०८९ चौरस फूट!

आता भूकरमापकांच्या हातात एक उभी काठी असते आणि वर वाटोळा डबा. त्याचं नाव रोव्हर. गंमत म्हणजे हा रोव्हर जमिनीकडे बघतच नाही, तो उपग्रहांचं बोलणं ऐकतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर आहेत, आपल्या भारताच्या नाविकचे तर जवळजवळ ३६,००० किमीवर. प्रत्येक उपग्रह सारखं एवढंच सांगत असतो: मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. संदेश किती वेळात पोहोचला हे कळलं की त्याच्या वेगाने गुणायचं, झालं अंतर. पण इथे घड्याळ सेकंदाच्या एक अब्जांश भागानेही चुकलं, तर अंतर ३० सेंमीने चुकतं! म्हणून उपग्रहांत अणुघड्याळं असतात. २९ मे २०२३ रोजी इस्रोने सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये तर आपल्याच देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे.

एवढं असूनही मोबाइल आपली जागा काही मीटरने चुकवतो. बांधाच्या भांडणात काही मीटर म्हणजे केळीच्या दोन-तीन ओळी! चूक होते ती मुख्यतः वाटेत. आकाशात खूप उंचावर सूर्याच्या किरणांमुळे विद्युतभारित झालेला थर आहे, आयनोस्फिअर. त्यातून येताना संदेश रेंगाळतो. आणि भारतावर हा थर विशेष दाट असतो, कारण चुंबकीय विषुववृत्तावरून वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना येऊन साचतात. त्यातला एक दाट पट्टा गुजरात आणि मध्य प्रदेशावरून जातो, म्हणजे खान्देशाच्या अगदी शेजारून.

यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कायमची केंद्रं उभारली आहेत, त्यांना कॉर्स म्हणतात. केंद्राला स्वतःची जागा आधीच अचूक माहीत असते. उपग्रहांवरून काढलेली जागा वेगळी आली, की तो फरक म्हणजेच चूक. ती मोबाइलच्या इंटरनेटवरून लगेच रोव्हरला कळवली जाते. दोघांच्या डोक्यावरचा थर जवळपास सारखाच, म्हणून दोघांची चूकही जवळपास सारखीच. रोव्हर ती वजा करतो.

त्यानंतर रोव्हर संदेश आणणाऱ्या रेडिओलहरीच थेट मोजतो. जीपीएसची एक लहर सुमारे १९ सेंमी लांब असते आणि तिचा शंभरावा भागही यंत्राला ओळखता येतो, म्हणजे दोन मिलिमीटर! अडचण एकच. ही जणू आकडे न छापलेली टेप आहे: शेवटच्या लहरीचा किती तुकडा आला ते नेमकं दिसतं, पण त्याआधी पूर्ण लहरी किती गेल्या ते समजत नाही. म्हणून रोव्हर बऱ्याच उपग्रहांच्या लहरी एकमेकींशी ताडून पाहतो. तोवर पडद्यावर ‘फ्लोट’ दिसतं. सगळ्या लहरींचा हिशेब जुळला की ‘फिक्स’ येतं आणि जागा एक-दोन सेंमीपर्यंत पक्की होते. मगच भूकरमापक काठीवरचा पाण्याचा बुडबुडा मधोमध आहे ना ते बघून नोंद घेतात.

केळीच्या बागेत मात्र हे यंत्र अडतं. त्या रुंद पानांत पाणी भरपूर, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. शिवाय लहरी पानांवर आपटून वाकड्या वाटेने येतात, अंतर उगाच वाढतं. ‘फिक्स’ आलेलं पुन्हा ‘फ्लोट’ होतं. मग काठी घेऊन बागेबाहेर उघड्यावर यायचं, तिथे दोन पक्के बिंदू घ्यायचे आणि आतला कोपरा त्यांच्यापासून मोजायचा.

इतकं बारीक मोजता यायला लागल्यावर आणखी एक गोष्ट हाती आली. कॉर्सची केंद्रं जागची हलत नाहीत असं वाटतं ना? पण सगळा भारतच दरवर्षी सुमारे ५ सेंमी ईशान्येकडे सरकतोय, सातपुड्यासकट! तुमचा बांध आणि शेजाऱ्याचा बांध एकत्रच सरकतात, म्हणून हद्द बदलत नाही. पण अक्षांश-रेखांश मात्र बदलतात. म्हणून अचूक मोजणीत आकड्यांसोबत ते कोणत्या तारखेचे आहेत हेही लिहावं लागतं.