पाणी वाचता आलं की वल्हं सोपं

सांगलीच्या माणसाला नदीचा आकडा शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, हे तिथं पोराटोरांनाही ठाऊक असतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. माझा भाचा त्या पुराच्या वेळी शाळेत होता. गेल्या वर्षी तो शिकायला कॅनडात, ऑन्टारियोतल्या वॉटर्लूला आला. मी इथं बरीच वर्षं राहते आणि दर उन्हाळ्यात ग्रँड नदीत कनू ही वल्हवायची होडी घालते. जून संपता संपता त्याला म्हटलं, "चल, यंदा माझ्या होडीत पुढं तू बसायचंस. दोन दिवस नदीनं जाऊ, रात्री काठावर तंबू." त्यानं लगेच विचारलं, "मावशी, पाणी किती आहे?"

नवखी माणसं सहसा वल्हं कसं मारायचं ते विचारतात, नाहीतर नदी खोल आहे का ते विचारतात. सहलीची खरी सुरुवात भाच्याच्या प्रश्नापासून होते. ग्रँड नदी साधारण २८० किलोमीटर वाहून ईरी सरोवराला मिळते. तिच्या खोऱ्याचं काम पाहणारी संस्था ठिकठिकाणचा प्रवाह संकेतस्थळावर देत असते. आकडा घनमीटर प्रतिसेकंदात असतो. त्या दिवशी तो २० च्या आसपास होता. एका घनमीटरचे सुमारे ३५ घनफूट, म्हणजे वीसाचे आपल्या भाषेत ७०० क्युसेक. भाच्याला तो आकडा फारच किरकोळ वाटला. कोयनेचे दरवाजे उघडले की हजारो क्युसेकच्या बातम्या ऐकत तो मोठा झालेला. पण कनूला एवढं पाणी भरपूर होतं, आणि का होतं ते आम्ही अंगणातच हिशोब करून पाहिलं.

दोघांचं वजन १३० किलो, होडी ३०, सामान ४०. एकूण २०० किलो. आर्किमिडीजच्या नियमानं होडीला २०० किलो पाणी, म्हणजे २०० लिटर, बाजूला सारावं लागणार. कनू सुमारे पाच मीटर लांब असते आणि पाण्याला टेकलेला तिचा पसारा साधारण अडीच चौरस मीटर भरतो. भागाकार केला की आठ सेंटीमीटर येतात. दोन्ही टोकं निमुळती असतात म्हणून दहा-बारा धरा. दोन माणसं, तंबू आणि शिधा घेतलेली होडी पाण्यात जेमतेम अर्धी वीत बुडते! गुडघ्याखालच्या पाण्यातूनही ती निघून जाते ती यामुळेच. उत्तर अमेरिकेतल्या अनिशिनाबे आणि इतर आदिवासी लोकांनी ही होडी घडवली ती भूर्जाच्या सालीपासून. सालीची आतली बाजू बाहेर पाण्याकडे ठेवायची, सीडरच्या चिपांच्या फासळ्या बसवायच्या, स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवायचं आणि सांधे राळेनं बुजवायचे. वाटेत धबधबा आला की होडी खांद्यावर घेऊन चालायचं. आजची कनू प्लास्टिकची किंवा धाग्यांच्या मिश्रणाची असली तरी आकार जवळपास तोच आहे. त्या आकारात दुरुस्ती करावी असं फारसं कुणाला सापडलेलं नाही.

पहिला तास आम्ही कुठंच गेलो नाही. काठालगतच्या संथ, कमरेइतक्या पाण्यात नुसते बसलो. भाचा आत आला, होडी डुलली, आणि त्यानं दोन्ही हातांनी दोन्ही कडा गच्च धरल्या. "मावशी, हे हलतंय की गं!" नवखा माणूस हेच करतो, आणि त्यानंच होडी उलटते. कडा धरल्या की हात, खांदे, पाठ सगळं होडीला जखडलं जातं. होडी दहा अंश कलली की माणूसही दहा अंश कलतो आणि त्याचं वजन कलत्या बाजूला जाऊन पडतं.

हे समजावताना मला मालवणकडची उलांडी आठवली. अरुंद होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांवर एक ओंडका बांधलेला असतो. होडी त्या बाजूला कलली की ओंडका पाण्यात दबतो, पाणी त्याला वर ढकलतं आणि लांब दांड्यामुळे तेवढा जोर होडी सरळ करायला पुरतो. कलली उलट बाजूला, तर ओंडक्याचं वजन तिला मागं खेचतं. कनूला उलांडी नसते. तिथं बुडाचा आकारच कामी येतो. होडी कलली की पाण्यात गेलेला भाग एका बाजूला वाढतो आणि वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो. हा जोर माणसासकट होडीच्या वजनाच्या रेषेपलीकडे राहील तोवर होडी आपोआप सावरते. वजनाची रेषा त्याच्याही पुढं गेली, की संपलं. म्हणून वजन खाली हवं आणि मधोमध हवं. बाकावर ताठ बसण्यापेक्षा बाकाला टेकून गुडघे बुडावर टेकावेत, गुडघे फाकवावेत आणि कंबर सैल सोडावी. मग होडी खाली डुलत राहते आणि वरचं धड सरळ राहतं. भाच्याला मी एवढंच सांगितलं, "जात्यावर बसल्यासारखी कंबर ढिली ठेव." जातं त्यानं पाहिलं नव्हतं, पण दहा मिनिटांत कंबर सुटली.

त्यानंतर आम्ही मुद्दाम होडी उलटवली. लाइफ जॅकेट घालून, उथळ पाण्यात, दोनदा. मी नवख्याला नदीत नेण्याआधी हे केल्याशिवाय राहत नाही, कारण पडण्याची भीती पडल्यावरच जाते. ही तालीम मे महिन्यात नको, हेही सांगते. हिवाळ्यानंतरचं पाणी तेव्हा अजून गार असतं आणि पाणी हवेच्या वीसेक पटीनं उष्णता वाहून नेतं. थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी इथं एक-दहा-एक असा नियम शिकवतात. श्वास काबूत यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. मॅनिटोबा विद्यापीठातले शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून या विषयाचा अभ्यास केला आहे. पहिल्या मिनिटात पोहण्याची धडपड करायची नाही. जॅकेटच्या भरवशावर तरंगायचं आणि श्वास सांभाळायचा. जॅकेट होडीत ठेवलेलं असेल, तर ते पहिलं मिनिटच हातातून जातं.

वल्ह्याचं तंत्र त्यामानानं लवकर उरकतं. मागं बसलेला उजवीकडे वल्हं मारतो तेव्हा होडी पुढं जाते, पण नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावीकडे वळते, कारण जोर मधल्या रेषेवर न पडता बाजूला पडतो. म्हणून फटका संपताना मनगट वळवून वल्ह्याचं पातं थोडं बाहेर ढकलायचं. तेवढ्या क्षणापुरतं वल्हं सुकाणू होतं. पाण्यावर इंग्रजी 'J' अक्षर उमटतं, त्यावरून या फटक्याला नाव पडलंय. पुढं बसणाऱ्यानं ताल धरायचा आणि खडक दिसला की ओरडायचं. दंडात ताकद असलेली पोरं पहिल्या दिवशी मागं पडतात, कारण ती पाण्याशी झोंबतात. भाचाही झोंबला. तासाभरानं दमला, आणि मग चांगलं वल्हवू लागला.

दुसऱ्या शनिवारी पॅरिसपासून निघालो. हे ऑन्टारियोतलं छोटं गाव. काठावर जिप्सम सापडलं, प्लास्टर ऑफ पॅरिस बनवायचा तोच खडक, त्यावरून गावाचं नाव पडलं. इथून ब्रँटफर्डपर्यंत नदी वळणं घेत, अधूनमधून खळाळत जाते. नवख्यासाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

पहिल्याच वळणावर मी वल्हं थांबवायला सांगितलं. "बघ, मळी कुठल्या बाजूला आहे?" कृष्णाकाठच्या पोराला हे सांगावं लागलं नाही. वळणाच्या आतल्या अंगाला पाणी मंद होतं, गाळ खाली बसतो आणि मळी तयार होते. बाहेरच्या अंगाला पाणी वेगात असतं, काठ खात जातं आणि तळ खोल करतं. होडीला खोल पाणी हवं म्हणून नवखा बाहेरच्या अंगाला जातो, आणि धोकाही तिथंच असतो. काठ खाल्ला गेला की झाडं नदीत आडवी पडतात. पाणी त्यांच्या फांद्यांतून चाळणीसारखं निघून जातं, माणूस मात्र अडकून राहतो. म्हणून वळणावर मधल्या धारेच्या जरा आतूनच जायचं, बाहेर ओढले जाण्याआधी.

पुढं खळाळ आला. पाण्याच्या पृष्ठभागावर खाली निमुळती होत गेलेली गुळगुळीत जीभ दिसली तर ती वाट. निमुळतं टोक वरच्या दिशेला, आपल्याकडे असेल, तर त्या टोकाखाली खडक आहे. खडकाच्या मागं पाणी उलटं, वरच्या दिशेला वाहतं, कारण पुढं गेलेल्या धारेमागची जागा भरायला ते परत येतं. अशा उलट्या पाण्यात होडी शिरवली की भर नदीत बसायला ओटा मिळतो. आम्ही एका म्हशीएवढ्या खडकामागं दहा मिनिटं थांबलो. दोन्ही बाजूंनी नदी धावत होती आणि आमची होडी जागच्या जागी हलकेच डोलत होती. भाचा कितीतरी वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वरनं पुलावरून एवढी वर्षं पाणी बघितलं, हे कधी दिसलंच नाही."

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, एवढं मात्र सतत ध्यानात ठेवावं. वाहत्या पाण्यात पडलो तर उभं राहायचं नाही. पाय दगडांत अडकला की पाणी पाठीवर रेटून माणसाला खाली दाबतं. उताणं व्हायचं, पाय पुढं आणि वर करायचे, आणि काठ गाठायचा.

बंधाऱ्यावरून होडी न्यायची नाही, कधीच नाही. बुटका बंधारा वरून निरुपद्रवी दिसतो. पण खाली पडलेलं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि पुन्हा बंधाऱ्याकडेच वळतं. त्या फेऱ्यात सापडलेलं लाकूड तासन् तास तिथंच गरगरत असतं, माणसाचंही तेच होतं. नकाशावर बंधारा दिसला की तो येण्याच्या बऱ्याच आधी काठाला लागायचं आणि होडी खांद्यावर घेऊन पलीकडे उतरायचं. या नदीवर जुन्या गिरण्यांचे असे बंधारे आहेत, म्हणून नकाशा पाहिल्याखेरीज आम्ही निघत नाही.

मुक्कामाचं नियोजन खरं तर घरी जेवणाच्या टेबलावर होतं. होडी नदीबरोबर एकाच दिशेनं जाते, मग गाडीपाशी परत कसं यायचं? एक गाडी आधी खालच्या घाटावर ठेवून यावी लागते, किंवा कुणाला तरी न्यायला बोलवावं लागतं. संथ पाण्यात जोडी तासाला चार-पाच किलोमीटर जाते, धार दोनेक किलोमीटर वाढवते, पण समोरून वारा आला तर तेवढं काढूनही घेतो. नवख्याबरोबर दिवसाला पंधरा किलोमीटर पुरेत. काठाची बहुतेक जमीन खासगी आहे, वाटेल तिथं तंबू ठोकता येत नाही, म्हणून ब्रँटफर्डजवळच्या नदीकाठच्या उद्यानात जागा आधी राखून ठेवली होती. जिथं जागा आपण निवडायची असते तिथं मी आधी झुडपांत अडकलेला पाचोळा, काटक्या पाहते. मागचं मोठं पाणी कुठवर आलं होतं ते तिथं लिहिलेलं असतं. तंबू त्याच्या वर.

सामानात जड ते खाली आणि मधोमध. टोकं हलकी राहिली की नाळ लाटेवर चढते, लाटेत घुसत नाही, आणि होडी लवकर वळते. कोरडे कपडे आणि झोपायच्या पिशव्या दोन-दोन आवरणांत. पिण्याचं पाणी घरून, कारण या नदीत काठावरच्या शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि शेतांतलं पाणी येतं. जेवणाला मी थालीपिठाची भाजणी नेते. धान्यं आधीच भाजलेली असल्यानं ती टिकते, वजनाला हलकी असते, आणि कांदा-पाणी घातलं की वीस मिनिटांत जेवण होतं. त्या रात्री चुलीवरच्या तव्यावर सहा थालीपिठं झाली, त्यातली चार भाच्यानं खाल्ली.

जेवल्यावर त्यानं फोनवर पुन्हा नदीचा आकडा पाहिला. फारसा हललेला नव्हता. उन्हाळ्यात ग्रँडमधल्या पाण्याचा मोठा हिस्सा वरच्या धरणांतून सोडलेला असतो. त्यातलं शँड धरण १९४२ सालचं. वसंतात पूर अडवायचा आणि उन्हाळ्यात नदी वाहती ठेवायची, यासाठी ते बांधलं. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेत सकाळीच राफ्टिंग चालतं, त्याचंही कारण धरणच. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रातून येतं, आणि ते सोडलं की नदी भरते. नदी दिसायला मोकळी असते, पण तिचं वेळापत्रक वर कुणीतरी ठरवत असतं.

महाराष्ट्रात हे शिकायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एखाद्या धरणाच्या संथ फुगवट्यावर, जाणत्या माणसाबरोबर सुरुवात करा. धरणाच्या खालच्या अंगाला होडी घालण्याआधी पाटबंधारे खात्याकडे विसर्गाची चौकशी करा आणि भोंगा वाजला की सामान सोडून काठ गाठा. लाइफ जॅकेट काठावरच अंगात घाला, पट्टे आवळा, आणि पुन्हा काठाला लागेपर्यंत काढू नका.