गतीचे आकलन : संशोधनाची पन्नास वर्षे

गतीची जाण मुलांमध्ये कशी घडते याचा पद्धतशीर शोध स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी घेतला. मुलाला आधी काय उमगते, काळ की वेग, हा प्रश्न त्यांना आइन्स्टाइन यांनी विचारला होता. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पियाजे यांनी दाखवले, की लहान मूल वेग ठरवताना अंतराला काळाने भागत नाही. कोण कोणाच्या पुढे गेले, एवढेच ते पाहते.

ही समजूत मोठेपणीही पुरती जात नाही, हे १९८० साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उघड झाले. डेव्हिड ट्रोब्रिज आणि लिलियन मॅकडर्मॉट यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दोन समांतर पन्हळींवरून दोन गोळे सोडले. एक एकसमान वेगाने जाई. दुसरा आरंभी अधिक वेगवान असे, पण हलक्या चढावर मंदावत जाई. त्यामुळे दुसरा पहिल्याला मागे टाकी आणि थोड्या वेळाने स्वतः मागे पडे. दोघांचा वेग कधी समान होतो, या प्रश्नावर अनेकांनी गोळे शेजारी येतात ते क्षण दाखवले. खरा क्षण त्या दोन भेटींच्या मधला असतो. वेगाची व्याख्या ज्यांना तोंडपाठ होती, त्यांच्याकडूनही स्थान आणि वेग यांची गल्लत झाली. पुढच्याच वर्षी त्वरणावरचा अभ्यास आला. तिथे वेग आणि वेगातील बदल एकमेकांत मिसळलेले दिसले.

बलाचा प्रश्न त्याहून अवघड होता. पॅरिसमध्ये लॉरांस व्हिएनो यांनी १९७९ साली नोंदवले, की विद्यार्थी बलाचे नाते त्वरणाशी न जोडता वेगाशी जोडतात. जॉन क्लेमंट यांनी १९८२ मध्ये सरळ वर उडवलेल्या नाण्याचा प्रश्न मांडला. हवेचा रोध सोडला तर वर जाणाऱ्या नाण्यावर फक्त गुरुत्वाकर्षण असते. पण अभियांत्रिकीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी हाताचे बल अजून नाण्यात असल्याचे सांगितले. फेकलेल्या वस्तूत प्रेरणा साठते आणि रोधामुळे हळूहळू संपते, असे चौदाव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ बुरिदाँ मांडत असत. मायकेल मॅक्लॉस्की यांनी विद्यार्थ्यांच्या उत्तरांची तुलना याच मताशी केली. ती उत्तरे चुकीची असली तरी त्यांत संगती होती, आणि या संपूर्ण संशोधनाची सर्वांत मोलाची कमाई हीच म्हणावी लागेल.

शिकवण्याने किती फरक पडतो? अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात इब्राहिम हालून आणि डेव्हिड हेस्टिनस यांनी १९८५ मध्ये हे तपासले. चार प्राध्यापकांच्या शैली वेगवेगळ्या होत्या, तरी विद्यार्थ्यांची प्रगती जवळपास सारखीच आणि तुटपुंजी निघाली. १९९२ साली हेस्टिनस आणि सहकाऱ्यांनी बल-संकल्पनांची बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नव्हती, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्याच समजुतींतून घेतले होते. हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांनी असे प्रश्न दिले, तेव्हा उत्तर शिकवल्याप्रमाणे द्यायचे की मनात येते तसे, असे एका विद्यार्थिनीने विचारले. परीक्षेचे भौतिकशास्त्र वेगळे आणि जगण्यातले वेगळे, ही फारकत इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी बोलून दाखवली असेल. मॅझूर यांनी त्यानंतर तासाला विद्यार्थ्यांनी एकमेकांना पटवून देण्याची पद्धत रुजवली.

विद्यार्थ्यांच्या या समजुती म्हणजे पूर्ण सिद्धांत, हे सर्वांना मान्य नव्हते. अँड्रिया डिसेसा यांनी १९९३ मध्ये मांडले, की त्या अनुभवातून आलेल्या छोट्या-छोट्या तुकड्यांच्या असतात आणि प्रसंगानुसार जाग्या होतात. अशा समजुतींचा शोध भारतातही घेतला गेला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी १९९४ साली संदर्भ चौकटीविषयीच्या, म्हणजे गती ज्याच्या सापेक्ष मोजतात त्या आधाराविषयीच्या, कल्पना तपासल्या. चौकट म्हणजे मर्यादित आकाराची मूर्त वस्तू, असे अनेक विद्यार्थ्यांच्या मनात होते.

१९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी अमेरिकेतील ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. बल-संकल्पनांच्या अशा चाचणीत जेवढी सुधारणा शक्य होती, तिच्यापैकी केवळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के साधली. चर्चा आणि कृतींतून शिकवणाऱ्या वर्गांत हे प्रमाण ४८ टक्के होते, म्हणजे दुपटीहून अधिक, तरी निम्म्याहून थोडे कमी.