एकाच केळ्यात दोन स्वभाव

मंगळवारी, ७ ऑक्टोबर २०२५ ला, भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी पेपरांत क्वांटम कॉम्प्युटर झळकला. विजेते क्लार्क, देवोरे आणि मार्टिनिस, अतिवाहक विद्युत सर्किटावरचे त्यांचे १९८४-८५ मधले बर्कलीतले प्रयोग, भिंतीपलीकडे निघून जाणारा चेंडू हे सगळं तुम्ही वाचलं असेलच. मला एक ओळ मात्र खटकली. त्या सर्किटात इलेक्ट्रॉनच्या असंख्य जोड्या जणू एकच कण असल्यासारख्या वागल्या, एवढं सांगून सगळे पुढे सरकले. का वागल्या, ते कुणी विचारलं नाही. खरी गंमत तर तिथंच आहे, आणि ती कळायला बर्कलीला जावं लागत नाही. रावेर-यावलचं केळं पुरतं.

जळगावात जैन इरिगेशनच्या टिश्यूकल्चरमधून निघणारी ग्रँड नैनची रोपं जनुकांनी एकसारखी असतात. तरीही बागाईतदाराला विचारा, तो घडाकडे बघून सांगेल की हा बांधाकडचा आणि हा मधल्या ओळीतला. एखादी फणी कमी असते, कुठं डाग असतो, कुठं वाक वेगळा. मूलकणांवर असा डाग नसतो. साक्रीचा इलेक्ट्रॉन आणि शनीवरचा इलेक्ट्रॉन यांच्यात फरक सांगणारी एकही खूण निसर्गानं ठेवलेली नाही. आपल्याला ती सापडत नाही असं नव्हे, ती नाहीच.

याचा परिणाम थेट हिशेबावर होतो. दोन केळी आणि दोन कॅरेट घ्या. केळी ओळखता येत असतील तर ठेवायच्या तऱ्हा चार: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, आणि एकेक करून दोन प्रकारे. चारही तऱ्हा सारख्याच शक्य धरल्या तर दोन्ही एकाच कॅरेटमध्ये असण्याची शक्यता निम्मी. आता केळ्यांवरची खूणच काढून टाका. ‘हे इकडे, ते तिकडे’ आणि त्याच्या उलट, या दोन घटना राहत नाहीत, एकच होते. तऱ्हा उरल्या तीन, आणि दोन्ही एकत्र असण्याची शक्यता झाली दोन तृतीयांश. कुणी कुणाला ओढलेलं नाही, फक्त मोजणी बदलली आणि कण एकत्र राहू लागले.

ही मोजणी ढाक्यात शिकवणाऱ्या तिशीच्या सत्येंद्रनाथ बोस यांची. जून १९२४ मध्ये त्यांनी प्रकाशकणांवरचा आपला निबंध आइनस्टाइनला पाठवला. आइनस्टाइननं तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापायला दिला आणि पुढे तोच हिशेब अणूंना लावला. अशा मिळूनमिसळून राहणाऱ्या कणांना आज बोसॉन म्हणतात. बोस १९७४ मध्ये नोबेलविना गेले. त्यांच्या हिशेबावर उभ्या राहिलेल्या कामांना मात्र नोबेलं मिळत राहिली. राग येतो तो याचा.

दुसऱ्या जातीचे कण फर्मिऑन. त्यांच्यात एका अवस्थेत एकच, दुसऱ्याला मज्जाव. हा नियम पाउलीनं १९२५ मध्ये मांडला. आपली दोन केळी तशी असती, तर तऱ्हा एकच उरली असती: एक इकडे, एक तिकडे. इलेक्ट्रॉन या जातीचे. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प चालतो तो याच हट्टावर. सिलिकॉनमधल्या खालच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनला हलायलाही वाव नसतो. मग ऊन त्यातल्या एखाद्याला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट ओलांडून वरच्या मोकळ्या पट्ट्यात चढवतं, तेव्हा कुठं वीज निघते.

आता पुन्हा केळ्याकडे. केळं म्हणजे पोटॅशिअम, हे डॉक्टरही सांगतात. त्या पोटॅशिअमचे अणू तीन वजनांचे असतात: ३९, ४० आणि ४१. अणूतले प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन सगळे फर्मिऑन. त्यांची बेरीज सम आली तर अख्खा अणू बोसॉनसारखा वागतो, विषम आली तर फर्मिऑनसारखा. पोटॅशिअम-३९ मध्ये ५८ आणि ४१ मध्ये ६०, म्हणजे दोन्ही मिसळणारे. ४० मध्ये ५९, म्हणून तो हट्टी. दहा हजारांत जेमतेम एक अणू त्याचा. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या केळ्यात हे दोन्ही स्वभाव शेजारी शेजारी नांदतात. अर्थात झाडावरच्या उन्हात त्यांचा फरक जाणवत नाही, तो जाणवायला पराकोटीची थंडी लागते.

ती थंडी गाठणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ डेबोरा जिन यांच्यासाठी या लेखात जास्त जागा मी मुद्दाम ठेवली आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डरला १९९५ मध्ये रुबिडिअमचे बोसॉन अणू एका अवस्थेत गोळा झाले होते. जिन यांनी अवघड वाट धरली, पोटॅशिअम-४० ची. अणू थंड करायची युक्ती बशीतल्या चहाची: सर्वांत गरम ते वाफ होऊन जाऊ द्यायचे, उरलेले आपसांत टकरा घेऊन ऊर्जा वाटून घेतात. पण इथं अडचण अशी की अतिथंडीत सारखे फर्मिऑन एकमेकांवर आदळतच नाहीत. टकरा नाहीत तर वाटणी नाही, आणि वाटणी नाही तर थंडावा नाही. जिन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रायन डीमार्को यांनी त्याच अणूंच्या दोन वेगळ्या चुंबकीय अवस्था एकत्र ठेवल्या. आता समोरचा ‘सारखा’ राहिला नाही, टकरा सुरू झाल्या. १९९९ मध्ये अणू एकेका पायरीवर एकेक करून रचले जाऊ लागल्याचं दिसलं. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांच्याच प्रयोगशाळेनं हे हट्टी अणू जोडीजोडीनं एका अवस्थेत आणले. जिन २०१६ मध्ये अवघ्या ४७ व्या वर्षी गेल्या. त्यांनाही नोबेल नाही.

दोन हट्टी मिळून एक मिसळणारी जोडी, नोबेलच्या सर्किटातलं गुपितही हेच. अतिवाहकात, म्हणजे विजेला अडथळाच न करणाऱ्या पदार्थात, इलेक्ट्रॉन अशाच जोड्या जुळवतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाला २०१६ मध्ये बिस्मथ हा धातू ०.५३ मिलिकेल्विनखाली अतिवाहक होताना दिसला. त्यात लाखभर अणूंमागे एखादाच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. एवढ्या विरळ वस्तीत जोड्या जुळतात कशा, हे रूढ सिद्धांताला सांगता आलं नाही. माझ्या मते हे काम कित्येक कॉम्प्युटरच्या घोषणांपेक्षा मोठं आहे, पण त्याची चर्चा किती झाली?

केंद्राच्या क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६,००३ कोटी मंजूर झाले, त्यातलं मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. चांगलंच आहे. पण बी.एस्सी.ला ही मोजणी आजही दहा मार्कांचं सूत्र म्हणून घोकली जाते, आणि बाजारात ‘क्वांटम’ नावाची कडी-ब्रेसलेटं खपतात. जळगाव-धुळ्याच्या प्राध्यापकांना विनंती एवढीच, की पुढच्या तासाला सूत्राआधी दोन केळी आणि दोन कॅरेट घेऊन वर्गात जा.

आणि हो, पोटॅशिअम-४० किरणोत्सारी आहे. एका केळ्यात सेकंदाला त्याचे साधारण बारा-पंधरा अणू फुटतात. म्हणून केळं टाकू नका. ते खाणाऱ्या मोठ्या माणसाच्या अंगात तेच अणू सेकंदाला चार हजारांच्या आसपास फुटत असतात.