काओमोजी: समज आणि वस्तुस्थिती

संदेशाच्या शेवटी (^_^) असे काही आले की ते इमोजी येण्याआधीच्या काळातली कामचलाऊ सोय होती, असा बहुतेकांचा समज असतो. तेव्हा फोनवर चित्रे पाठवता येत नव्हती, म्हणून लोकांनी कंस आणि रेघा जुळवून चेहरे केले. आता शेकडो रंगीत चेहरे बोटाखाली असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो, पण त्यामागे एक गृहीतक लपलेले आहे: (^_^) हे एक चित्र आहे, आणि तेही जरा कमअस्सल. काओमोजीविषयीचे बहुतेक गैरसमज इथूनच निघतात. जपानीत काओ म्हणजे चेहरा आणि मोजी म्हणजे अक्षर. ही वस्तू अक्षरांची बनलेली आहे, म्हणजे ती लिहिली जाते. तिच्या सोयी त्यातून येतात आणि अडचणीही त्यातूनच येतात.

पहिला गैरसमज जन्मकथेचा. अमेरिकेतला आडवा हसरा चेहरा जपान्यांनी उभा केला, एवढाच काय तो फरक, असे सांगितले जाते. अमेरिकेतली नोंद स्पष्ट आहे. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर सुचवले, की विनोदाने लिहिलेल्या मजकुरापुढे :-) अशी खूण करावी. जपानमध्ये (^_^) हे चिन्ह १९८६ साली आस्की नेट या संगणक-संवाद सेवेवर वाकाबायाशी यासुशी यांनी वापरल्याची नोंद सांगितली जाते. सालांचा क्रम पाहून नक्कल झाली असे म्हणावेसे वाटेल, पण दोन्हींची बांधणी तपासा. :-) आणि :-( यांत डोळे तेच राहतात, बदलते ते तोंड. (^_^), (;_;) आणि (-_-) यांत तोंडाची रेघ तीच, बदलतात ते डोळे. पहिला चेहरा कितीही फिरवला तरी त्यातून दुसरा निघत नाही. होक्काइदो विद्यापीठाचे मासाकी युकी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना डोळे आणि तोंड वेगवेगळे भाव दाखवणारे चेहरे दिले होते. भाव ठरवताना जपानी विद्यार्थ्यांनी डोळ्यांना आणि अमेरिकी विद्यार्थ्यांनी तोंडाला अधिक वजन दिले. अर्थात हा काही अटळ नियम नाही. तोंड बदलणारे काओमोजीही जपानमध्ये भरपूर आहेत. पण वाचकाची नजर आधी कुठे जाते, यावर चिन्हाची घडण ठरते, असा अंदाज त्यातून बांधता येतो.

दुसरा गैरसमज असा, की काओमोजीतून इमोजी उत्क्रांत झाले आणि मग पूर्वजाची गरज संपली. प्रत्यक्षात जपानी फोनवर दोन्ही बराच काळ शेजारीशेजारी नांदले. १९९७ साली जे-फोन कंपनीच्या एका फोनमध्ये ९० चित्रचिन्हे होती. एनटीटी डोकोमोच्या आय-मोड सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये केलेली १७६ चिन्हे त्यानंतरची; १२ बाय १२ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेला तो संच २०१६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात घेतला आणि जगातले पहिले इमोजी म्हणून तोच गाजला. पण प्रत्येक कंपनीची चित्रे तिच्यापुरतीच होती. एका कंपनीच्या फोनवरून धाडलेले हृदय दुसऱ्या कंपनीच्या फोनवर पोहोचताना बऱ्याचदा दोन जाड आडव्या रेघा होऊन उमटे. काओमोजीला ही अडचण नव्हती, कारण त्यातली अक्षरे सर्व कंपन्यांना समान असलेल्या राष्ट्रीय वर्णसंचातली होती. १९७८ साली ठरलेल्या त्या संचात जपानी लिपीबरोबर ग्रीक आणि रशियन वर्णमालाही होत्या. म्हणून तर ग्रीक लहान ओमेगा हे मांजरासारखे तोंड झाले आणि रशियन लिपीतला ‘द’ हे आ वासलेले तोंड. परदेशी अक्षरांची हौस हे त्यामागचे कारण नव्हे. अक्षरे हाताशी होती, एवढेच. इमोजी युनिकोडच्या समाईक तक्त्यात आले ते २०१० साली, सहाव्या आवृत्तीत.

इथे एक रास्त आक्षेप येतो. २०१० नंतर इमोजीही युनिकोडमधले वर्णच झाले, मग अक्षर आणि चित्र हा भेद उरला कुठे? उरला, आणि तो महत्त्वाचा आहे. इमोजीचा केवळ क्रमांक समाईक असतो. चेहरा कसा काढायचा ते ॲपल, गूगल, सॅमसंग आपापले ठरवतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की दात दाखवून हसणारा एकच इमोजी एका कंपनीच्या रूपात लोकांना आनंदी वाटतो, तर दुसऱ्या कंपनीच्या रूपात तणावाचा. म्हणजे पाठवणाऱ्याने पाहिलेला चेहरा आणि घेणाऱ्याला दिसलेला चेहरा वेगळा असू शकतो. शिवाय नवा इमोजी हवा तर युनिकोड कन्सॉर्शियमची मान्यता लागते. काओमोजीत (^_^) च्या शेवटच्या कंसाआधी एक अर्धविराम घातला की (^_^;) होते आणि हसऱ्या चेहऱ्याला ओशाळेपणाचा घाम फुटतो. कुणाची परवानगी लागत नाही, कारण हे वाक्य जुळवण्यासारखेच काम आहे.

पण म्हणून काओमोजी सगळीकडे जसाच्या तसा दिसतो असे मानणे हा पुढचा गैरसमज, आणि तो काओमोजीच्या चाहत्यांचा आहे. साधे कंस, रेघा आणि अर्धविराम असतील तर प्रश्न नाही. मात्र आज इंटरनेटवर फिरणाऱ्या नक्षीदार चेहऱ्यांत जगभरच्या लिप्या घुसलेल्या असतात. नाराजीने रोखून पाहणारा एक प्रसिद्ध चेहरा आहे. त्याचे दोन्ही डोळे म्हणजे कन्नडमधला ‘ठ’. सोलापूर-सांगलीकडच्या कन्नड वाचणाऱ्यांना तिथे आधी अक्षर दिसेल, मग डोळा. ज्या फोनमध्ये कन्नडचा फाँट नाही, तिथे डोळ्यांच्या जागी दोन रिकामे चौकोन. तो चेहरा जपानी म्हणून खपतो, पण त्याची प्रसिद्धी मुख्यतः इंग्रजी इंटरनेटवरची. व्हॉट्सॲपवर आणखी एक गंमत आहे: तारांकन, अधोरेघ आणि लहरी रेघ ही तिथे ठळक, तिरपा आणि खोडलेला मजकूर दाखवण्याची चिन्हेही आहेत, त्यामुळे गुंतागुंतीच्या चेहऱ्यातला एखादा हात कधीकधी गिळला जातो.

साध्या एसएमएसमध्ये तर हिशेब पैशांपर्यंत जातो. एका एसएमएसमध्ये मूळ वर्णसंचातली १६० अक्षरे बसतात. त्या संचाबाहेरचे एकही अक्षर आले की मर्यादा ७० वर येते. देवनागरी एसएमएसला सहसा हीच ७० ची मर्यादा असते, तिथे काओमोजीने नवे नुकसान होत नाही. पण रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्याने शेवटी ओमेगाच्या तोंडाचा चेहरा जोडला, तर १२० अक्षरांचा मजकूर निमूटपणे दोन संदेशांत मोडतो. (-_-) मध्ये असे काही होत नाही, त्याला पाचच अक्षरे लागतात. (^_^) सात खातो, कारण टोपीचे चिन्ह (^) तिथे दोन अक्षरांच्या जागेचे धरले जाते.

चेहरा कुणालाही कळतो, त्याला भाषा लागत नाही, हाही समज फार पक्का आहे. (^_^;) मधला थेंब अनेकांना अश्रू वाटतो. जपानी वाचक तो कपाळावरचा घाम म्हणून वाचतो, कारण मांगा चित्रकथांत ओशाळलेल्या पात्राला असाच घाम येतो. ओ, आर आणि झेड ही तीन लहान इंग्रजी अक्षरे शेजारी ठेवली की जपानी वाचकाला गुडघे-हात टेकून हताश झालेला माणूस दिसतो: ओ हे डोके, आर हे हात आणि धड, झेड हे दुमडलेले पाय. ज्याला ही रीत माहीत नाही त्याला तीन अक्षरेच दिसणार. काओमोजी म्हणजे पोरींचा पोरकटपणा, असेही सर्रास म्हटले जाते. पण १९८६ सालचे ते (^_^) चिन्ह संगणक आणि मोडेम बाळगणाऱ्या हौशी मंडळींच्या वर्तुळातले होते. आजच्या जपानमध्ये तर उलट, इमोजी आणि काओमोजींनी खच्चून भरलेला संदेश ही मध्यमवयीन पुरुषांची लकब म्हणून तरुण त्याची टिंगल करतात. सगळ्या लेखनशैलींसारखीच हीदेखील जुनी होते आणि वय उघडे पाडते.

सर्वांत गंभीर अडचण दृष्टिहीन वाचकांची आहे. साधा मजकूर म्हणजे सर्वांना सोपा, असे आपण धरून चालतो. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर यांसारखे वाचक-सॉफ्टवेअर इमोजीला ठरलेले नाव असल्याने ते नाव उच्चारते. काओमोजीला नाव नसते, म्हणून कंस, टोपी, अधोरेघ, टोपी, कंस अशी जंत्री कानावर पडते, किंवा चिन्हे वगळून नुसती शांतता. इथे इमोजी निर्विवाद सरस आहे, आणि काओमोजीची ही अडचणही अक्षर असण्याचेच फळ.

राहिला शेवटचा समज, की यासाठी खास ॲप लागते. अँड्रॉइडवरच्या जीबोर्डमध्ये इमोजीच्याच पानावर अशा चिन्हांचा वेगळा विभाग आहे. आयफोनवर जपानी काना कीबोर्ड सुरू केला की ^_^ अशी कळच मिळते. विंडोजवर विंडोज कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबावेत. त्यामुळे काओमोजीच्या आमिषाने ‘पूर्ण प्रवेश’ मागणारे अनोळखी कीबोर्ड ॲप घेऊ नका. त्याला तुम्ही टाइप केलेले सगळे वाचता येते.