पाऊल कुठे पडतंय?

एमआयडीसीतली शिफ्ट संपवून बोईसरच्या घरी परतलेल्या माणसाला ‘अर्धा तास डोळे मिटून बस’ म्हटलं, तर त्याचा डोळाच लागायचा. बसून ध्यान जमत नाही अशांसाठी चालत करायचं ध्यान सोयीचं. पालघरच्या ‘धम्म वाटिका’ केंद्रात शिकवली जाणारी विपश्यना मुख्यतः बैठकीची आहे. पण बौद्ध परंपरेत चंक्रमणालाही, म्हणजे भान ठेवून घातलेल्या येरझारांनाही, जुनं स्थान आहे.

त्याचा उपयोग किती, हे बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नैराश्य असलेल्या वृद्धांचे तीन गट होते. पहिला नेहमीसारखा राहिला, दुसरा नुसता चालला, तिसरा हाताच्या झोक्यासरशी ‘बुद्’, ‘धा’ म्हणत चालला. १२ आठवड्यांनी चालणाऱ्या दोन्ही गटांची ताकद आणि दम वाढला. नैराश्य आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मात्र तिसऱ्याच गटात घटलं. अभ्यास छोटा आहे, त्याच्या भरवशावर कुणी गोळ्या बंद करू नयेत.

चालण्याची लय बरीचशी मज्जारज्जूतली चेतापेशींची जाळी सांभाळतात. त्यामुळे पाय आपसूक चालतात आणि रिकाम्या डोक्यात घराचा हप्ता, साहेबांचे बोल घोळत राहतात. ध्यानात हेच लक्ष तळपायाकडे वळवायचं असतं. चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत अनवाणी चालून पाहा. पाऊल दाबलं की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. भारामुळे वाळूचे कण सरकतात, त्यांच्यातल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे उलगडून सांगितलं. एवढं निरखायला लागलं की हप्ता आपोआप मागे पडतो.

जागेचाही वाटा मोठा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात काही जण ९० मिनिटं झाडझाडोऱ्यातून चालले, काही जण वाहत्या रस्त्याच्या कडेने. पहिल्या गटात तेच तेच विचार उगाळणं कमी झालं आणि त्याच्याशी निगडित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. लंडनमध्ये साठीपुढच्या मंडळींना दोन तास हाइड पार्कमध्ये आणि दोन तास वाहनांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालवलं गेलं. बागेत फुप्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना झालेला फायदा रस्त्यावरच्या धुराने बराचसा पुसून टाकला, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात बोईसरच्याच तारापूर औद्योगिक क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ होता, देशात सर्वाधिक. तेव्हा टँकर-ट्रकच्या रस्त्याकडेला ध्यान करत चालण्याचा आग्रह नको. सुट्टीच्या दिवशी चिंचणी, शिरगाव किंवा केळव्याच्या किनाऱ्यावरची सुरूची बनं गाठावीत. पालघरच्या बाजूला राहणाऱ्यांना भातखाचरांमधले बांधही चालतील.

रीत साधी आहे. फोन आणि इअरफोन खिशात ठेवा. पहिली पाच मिनिटं नेहमीसारखे चाला. मग वेग कमी करून टाच, चवडा, बोटं असा स्पर्श टिपत जा. मन भरकटलं तर चिडू नका, पुढच्या पावलाशी परत या. समोरच्या वाटेवर नजर ठेवायला विसरू नका आणि भरतीची वेळ आधी विचारून घ्या. हा किनारा उथळ आहे, पाणी बघता बघता आत येतं.

कारखान्यांतल्या कामगाराला मात्र रोज समुद्र गाठणं परवडत नाही. म्हणून बोईसरच्या वसाहतींमध्ये रहदारीपासून दूर, झाडांच्या सावलीतल्या पायवाटा झाल्या पाहिजेत. नगररचनेच्या आराखड्यात त्यांची गणना शोभेत नव्हे, आरोग्यसेवेत व्हायला हवी.